एक भाकरी जास्तीची: कोल्हापूर, पाच दिवस

फौजदार दारात उभा राहून विचारतो, "तो इकडं आला होता का?" उत्तर द्यायला दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात कुणी नीतिशास्त्र आठवत बसत नाही. तोंडून निघतं ते घरात, गल्लीत, जातीत मुरलेलं. दडपशाहीखाली साधी माणसं कधी आसरा देतात, कधी खबर देतात आणि बहुतेकदा मान खाली घालून पुढं जातात. यात त्यांच्या रितीभातींचा हात किती, हे पाहायला कोल्हापूर सोयीचं आहे. संस्थानी राजवट, ब्रिटिश सत्ता आणि थेट स्टालिनच्या रशियातून सुटून आलेली माणसं, या सगळ्यांच्या खुणा इथं रिक्षाच्या अंतरावर आहेत. पाच दिवस पुरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात पंचगंगा चढली की बाहेरचे रस्ते बंद होतात. २०१९ आणि २०२१ मध्ये तर पुणे-बंगळूर महामार्गच शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. तसं झालं तर शेवटचे दोन दिवस हातचे गेले म्हणून समजा.

दिवस पहिला: बिंदू चौक ते शिवाजी चौक

सुरुवात बिंदू चौकातून. स्टेशन किंवा मध्यवर्ती बसस्थानकावरून रिक्षा पटकन मिळते. सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर अंबाबाईच्या दर्शनाच्या गाड्या पार्किंग भरून टाकतात. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार या भागात गाडी आणूच नये.

जुन्या शहराच्या तटाचा उरलेला भाग इथं आहे आणि त्या तटातच सबजेल आहे. समोर हुतात्मा स्तंभ. आणि दोन पुतळे, महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. ९ डिसेंबर १९५० रोजी माधवराव बागल यांच्या पुढाकारानं ते इथं बसले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. गावाबाहेर ज्यांची वस्ती ठेवली त्यांच्या नेत्याचा पुतळा भर चौकात बसवायला गाव एका रात्रीत तयार होत नाही. त्यामागं काय काय होतं ते दुसऱ्या दिवशी.

बिंदू चौकातून भवानी मंडपात आणि तिथून शिवाजी चौकात चालत जा. वाटेत एकेरी वाहतूक आहे, रिक्षा केली तर उगाच वळसा पडतो. शिवाजी महाराजांचा पुतळा आहे त्या जागी पूर्वी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर लेस्ली विल्सन याचा पुतळा होता. १९४२ च्या आंदोलनात भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी तो विद्रूप केला. त्याच्या तोंडाला डांबर फासलं. १९४३ मध्ये तरुणांनी घणाचे घाव घालून तो फोडला आणि १९४५ मध्ये बाबूराव पेंटर यांनी केलेला शिवरायांचा पुतळा तिथं उभा राहिला.

इथं जरा थांबावं. पुतळा फोडायला घण लागतो, ताकद लागते, चार माणसं लागतात. तोंडाला काळं फासायला डबाभर डांबर पुरतं, आणि त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गावाची अब्रू घालवणाऱ्याचं तोंड काळं करायचं, ही शिक्षा आपल्याकडं शेकडो वर्षांची. म्हणजे त्या दोघींना निषेधाची भाषा नव्यानं शोधावी लागली नाही, ती तयार होती. धाडस त्यांचंच, त्यात काही कमी होत नाही. पण सकाळी चौकात आलेल्या भाजीवाल्यालाही काय घडलंय ते एका नजरेत कळलं असेल, ते या रितीमुळं.

आता दुसरी बाजू. १९४० मध्ये छत्रपती राजाराम महाराज गेले आणि पुढच्या काळात गादीवर लहान मूल, कारभार रीजन्सीचा (राजा सज्ञान होईपर्यंत त्याच्या नावानं चालणारा), त्यामागं ब्रिटिशांचं वजन अशी स्थिती होती. १९३९ पासून प्रजा परिषद जबाबदार राज्यपद्धती मागत होती. पण इथं मोठी अडचण होती. गोऱ्या गव्हर्नरला काळं फासणं सोपं, छत्रपतींच्या गादीविरुद्ध बोलणं जड. गादी म्हणजे शिवरायांचं घराणं. संस्थानी कारभारातला जुलूम दिसायचा, पण तो 'कारभाऱ्यांचा', 'दिवाणाचा'. अशी वाटणी करून माणूस मनातली निष्ठाही राखतो आणि रागही काढतो. या वाटणीला फसवणूक म्हणता येईल, पण तिच्यामुळंच पुष्कळ लोक सभेला आले, हेही खरं.

संध्याकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध. त्याचा विषयाशी संबंध नाही, पण चुकवू नये.

दिवस दुसरा: चहाचा कप

सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा हा दिवस सोमवारी ठेवू नका. क्रम असा: सकाळी कसबा बावड्यात लक्ष्मी विलास पॅलेस, म्हणजे शाहू महाराजांचं जन्मस्थळ (जन्म २६ जून १८७४). मग परत शहरात येऊन टाऊन हॉल संग्रहालय, भाऊसिंगजी रोड आणि शेवटी नर्सरी बागेतली समाधी. जन्मस्थळाला दीड तास द्या. टाऊन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती आहे, ती पाहिल्याशिवाय बाहेर पडणं म्हणजे वेडेपणा.

शाहू महाराजांचं राज्य लोकशाही नव्हतं. हुकूम राजाचा, अपील राजाकडंच. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा आदेशही कुणा विधिमंडळानं नव्हे, राजानं काढला. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे हुकूम निघाले. हुकूम निघतो, गॅझेटात छापला जातो आणि पाणवठ्यावर जाऊन आडवा होतो. गावची बाई सरकारी कागद वाचून घागर उचलत नाही. शिवाशिव मोडली तर आपल्या पोरीचं लग्न जमेल का, हा तिचा हिशेब असतो आणि तो हिशेब पोलिसाला दिसत नाही.

गंगाराम कांबळे राजवाड्याच्या तबेल्यात नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार बसला. महाराजांनी त्यांना पैसे देऊन भाऊसिंगजी रोडला हॉटेल काढून दिलं. गिऱ्हाईक फिरकेना, कारण अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घेऊ लागले आणि बरोबरच्यांनाही द्यायला लावू लागले. सहीसाठी आलेल्याला आधी गंगारामकडं चहा पिऊन ये असं ते सांगत, ही आठवण कोल्हापुरात आजही सांगितली जाते.

यातलं यंत्र कसं चालतं ते पाहा. दरबारी रिवाज असा की महाराजांनी घेतलेला पदार्थ नाकारणं म्हणजे अपमान. जातीचा रिवाज असा की हा चहा घेणं म्हणजे बाटणं. महाराजांनी एक रिवाज दुसऱ्याच्या अंगावर सोडला. समोरच्याला दोन्ही मोडता येत नव्हते, एक निवडावा लागला आणि दरबारी रिवाज जवळ उभा होता, तो जिंकला. घरी जाऊन त्यातल्या किती जणांनी गोमूत्र शिंपडलं असेल कोण जाणे. म्हणजे हा नैतिक निर्णय झाला की नुसतं राजाचं मन राखणं? आमच्या मते सुरुवातीला दुसरंच. पण तोच कप दहाव्यांदा ओठाला लागला की हात आपोआप पुढं होतो. मन मागून येतं, कधी येतही नाही. चांगल्या हेतूची एकाधिकारशाही म्हणून हे डोक्यावर घ्यायचं कारण नाही. हाच रिवाज वाईट राजाच्या हातीही तितक्याच सहज गेला असता.

६ मे १९२२ ला महाराज गेले. त्यांचं पहिलं स्मारक उभारलं ते गंगाराम कांबळे यांनी, १९२५ मध्ये, नर्सरी बागेत. समाधीपाशी ही गोष्ट माहीत असणारा माणूस भेटला तर त्याला बोलू द्या, घाई करू नका.

दिवस तिसरा: वळिवडे, गांधीनगर, महावीर उद्यान

हा दिवस सगळ्यात लांब. शहरापासून वळिवडे आठ-दहा किलोमीटर. दोन वाटा आहेत. मिरजेकडं जाणारी पॅसेंजर वळिवडे स्टेशनला थांबते, वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा. नाहीतर केएमटी (शहर बस) किंवा रिक्षानं गांधीनगर. रिक्षा केली तर जाऊन-येऊन आणि थांबण्याचे पैसे आधी ठरवा, नाहीतर परतीला भाव वाढतो. "पोलिश कॅम्प" म्हटलं तर तरुण रिक्षावाल्याला कळेलच असं नाही. "गांधीनगर" म्हणा आणि तिथं गेल्यावर एखाद्या वयस्क माणसाला विचारा, "पोलंडची माणसं राहायची ते कुठं, काका?" दहाच्या आत पोचा. नंतर कापडबाजाराचे टेम्पो रस्ता अडवतात.

इथं १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. ते हिटलरपासून पळालेले होते असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडात शिरल्या आणि फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात चार फेऱ्यांत लाखो लोकांना उचलून सायबेरिया, उत्तर रशिया आणि कझाकस्तानात नेलं गेलं. पहिली फेरी १० फेब्रुवारी १९४० ची, कडाक्याच्या थंडीतली. रात्री दार ठोठावायचं, यादी वाचायची, सामान बांधायला बऱ्याचदा अर्धा तास. मग मालगाडीचे डबे, मधे एक शेगडी, जमिनीला भोक, तेच शौचालय.

अशा वेळी शिपाई काय करतो? बहुतेकांनी हुकूम बजावला. पण काही शिपायांनी हळूच सांगितलं की गरम कपडे घ्या, कुऱ्हाड घ्या, शिवणयंत्र घ्या, असं अनेक वाचलेल्यांनी लिहून ठेवलंय. तो माणूस हुकूम मोडत नाही. यादीतलं नाव खोडत नाही. पण म्हाताऱ्या बाईला थंडीत नुसतं कसं न्यायचं, एवढी गावाकडची लाज त्याच्यात शिल्लक असते. शिवणयंत्र नेलं त्या घरात पुढं कपडे शिवून पाव मिळाला. 'जो काम करणार नाही तो खाणार नाही' हे १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेतच लिहिलेलं होतं, त्यामुळं हाताला काम असणं हे जगण्या-मरण्याचं गणित होतं.

तिकडच्या कझाक गावांची एक गोष्ट सांगतात. अकमोलिन्स्कजवळ राजद्रोही ठरवलेल्यांच्या बायकांची छावणी होती. एकदा तळ्याकाठी काम करणाऱ्या कैदी बायकांवर गावातली म्हातारी माणसं आणि पोरं दगड फेकू लागली. पहारेकरी हसले. बायकांना वाटलं, हेही आपल्यावर उलटले. वास आला म्हणून पाहिलं तर ते दगड नव्हते, वाळवलेल्या दह्याचे गोळे होते, कुर्त. स्टेपच्या, म्हणजे तिकडच्या गवताळ माळाच्या, माणसाला पाहुणा उपाशी ठेवणं माहीत नाही. पण इथं पाहुणचार करायचा तर तो शत्रुत्वाच्या सोंगात करावा लागला. रीत होती, फक्त वेष बदलला.

१९४१ मध्ये जर्मनीनं रशियावर हल्ला केला, रशियाचा लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारशी करार झाला आणि ऑगस्टमध्ये या लोकांना 'माफी' मिळाली. गुन्हा नव्हताच, तरी माफी! १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून लाखाहून अधिक माणसं इराणला पोचली, त्यातली काही हजार कराचीमार्गे भारतात आली. जे मागं राहिले त्यांच्यासमोर १९४३ मध्ये सोव्हिएत पासपोर्ट ठेवले गेले. सही न करणारा तुरुंगात जाई. पोराबाळांच्या आईनं सही केली तर तिला बोल लावणारे आपण कोण?

वळिवड्याला बराकी होत्या, चटईच्या भिंती, कौलारू छप्पर. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकघर, स्काउट पथकं त्यांनी उभी केली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की जेवणाला बसायचं, आधी 'ओप्वातेक' नावाची पातळ पोळी एकमेकांत मोडून वाटायची आणि टेबलावर एक ताटली रिकामी मांडायची, न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी. सायबेरियात पोळी नव्हती तेव्हा पावाचा तुकडा मोडला.

करवीर भागातल्या शेतकरी घरात भाकरीच्या बुट्टीत एक-दोन भाकऱ्या जास्तीच्या असतात, कोण येईल सांगता येत नाही म्हणून. दोन्ही रिती सारख्या दिसतात, पण दोन्हींना कुंपण आहे. जर्मनव्याप्त पोलंडात ज्यूंना आसरा देणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. १५ ऑक्टोबर १९४१ चा हुकूमच होता तसा. तरी हजारोंनी आसरा दिला. त्याच देशात ज्यूंना हेरून पैसे उकळणारेही निघाले. ताटली दोघांच्याही घरात मांडली जायची. ती कुणासाठी, हे ताटलीवर लिहिलेलं नसतं. आपल्याकडंही जास्तीची भाकरी सगळ्यांना ओसरीवर बसून मिळत नव्हती. काहींना ती अंगणाबाहेर, वरून टाकलेली मिळायची.

पोलिश लोक १९४७-४८ मध्ये इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेकडं गेले. गाव सोव्हिएत हद्दीत गेलेलं, परत जाणार कुठं? त्यांच्या मागोमाग फाळणीनं घर गमावलेली सिंधी कुटुंबं त्याच जागी आली आणि गांधीनगर उभं राहिलं. आज घाऊक कापडासाठी अख्खा दक्षिण महाराष्ट्र इथं येतो. बराकींच्या खुणा शोधायला गेलात तर फार हाती लागत नाही, दुकानदारांना प्रश्न विचारून हैराण करू नका. २०१९ मध्ये वळिवड्यात स्मारक झालं, ते पाहा. दुपारनंतर शहरात परतून महावीर उद्यानातला पोलिश स्मृतिस्तंभ पाहायचा. शहरात त्यांची दफनभूमीही आहे. फाटक बंद असू शकतं, म्हणून अंधार पडायच्या बऱ्याच आधी जा. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, हे ऐकून बऱ्याच कोल्हापूरकरांनाच नवल वाटतं.

दिवस चौथा: गारगोटी

सुमारे पन्नास किलोमीटर. एसटी कुठल्या स्टँडवरून सुटते ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. पहिली गाडी धरली तर दुपारी परत येता येतं.

१३ डिसेंबर १९४२ च्या रात्री भूमिगतांनी गारगोटीच्या कचेरीवर, खजिन्यासाठी हल्ला केला. गोळीबारात सात जण गेले. स्मारकावरची नावं वाचताना गावंही वाचा. सगळे गारगोटीचे नव्हते, वेगवेगळ्या गावांतून आले होते. म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला, जेवणाला वाटेवरची घरं लागली असणार. न्याहारी घेऊन रानात निघालेल्या बाईच्या डोक्यावरच्या बुट्टीत दोन भाकऱ्या जास्त आहेत, हे नाक्यावरच्या शिपायाला कळायला मार्ग नसतो. रोजची रीत हाच आडोसा. बाई नेहमीपेक्षा वेगळ्या वेळेला निघाली की मात्र संशय येतो.

याचं फार कौतुकही करू नये. शेजारच्या सातारा भागात प्रतिसरकारनं खबऱ्यांच्या तळपायांवर काठ्या हाणल्या, म्हणून 'पत्री सरकार' हे नाव पडलं असं सांगतात. तेव्हा तोंड न उघडणाऱ्यांत काही प्रेमानं गप्प होते, काही धाकानं, आणि खूप जण दोन्हींनी. स्मारकावर या दोघांची वेगळी यादी नसते.

दिवस पाचवा: कराड

पुण्याकडं परतणाऱ्यांना कराड वाटेवरच, सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. सकाळी ऊन चढायच्या आत जा.

२५ जून १९७५ ला आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, जयप्रकाश नारायण यांना अटक झाली, तुरुंगात त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली म्हणून नोव्हेंबरात सोडावं लागलं. डिसेंबरात कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. मांडवात साध्या वेशातले पोलीस असणार हे सगळ्यांना ठाऊक.

दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं. घोषणा नाही, ठराव नाही. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून देवाला हात जोडायचे, एवढंच. आता याला नाही कसं म्हणायचं? घरात कुणी दुखण्यानं पडलं तर शत्रूही विचारपूस करतो, ही आपली रीत. बसून राहणारा माणूस सरकारनिष्ठ ठरला असता, पण माणुसकीला मुकला असता. मांडव उभा राहिला. स्वागताध्यक्षही उभे राहिले. पुढं १९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली.

संगमावर दुपारी सावली कमी असते, पाण्याची बाटली बरोबर ठेवा. पुण्याच्या गाड्या कराड स्टँडवरून दिवसभर आहेत, पण रविवारी संध्याकाळी उभ्यानं जायची तयारी हवी.